बाईची मजुरी आधी मोजा: वस्तीतल्या महिलांसोबत पहिला धंदा उभा करताना

बचत गटाच्या कामात नव्यानं आलेली सीआरपी ताई (गावातल्या गटांना मदत करणारी समुदाय संसाधन व्यक्ती), एखाद्या संस्थेत नुकतीच रुजू झालेली कार्यकर्ती, किंवा आपल्याच गल्लीतल्या चारजणींना घेऊन काहीतरी सुरू करू पाहणारी बाई, या सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. महाराष्ट्रात शिलाई, पार्लर, मसाले, अगरबत्ती यांच्या प्रशिक्षणांची वानवा नाही. वर्ग भरतात, प्रमाणपत्रं मिळतात, आणि काही महिन्यांनी मशीनवर चादर टाकून ठेवलेली दिसते. बाई आळशी नसते आणि तिला काम येत नाही असंही नसतं. धंद्याच्या हिशेबात शेंगदाणे मोजलेले असतात, गॅस मोजलेला असतो, पिशवी मोजलेली असते, फक्त तिचे तास कुणी मोजलेले नसतात. मग महिनाभर राबून हातात काय आलं हे तिलाही सांगता येत नाही, आणि घरचेही म्हणतात, "बस झालं आता." खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

पहिली पायरी: प्रशिक्षणाचं नाव काढू नका

वस्तीत गेल्या गेल्या "तुम्हाला कोणतं प्रशिक्षण हवं?" असं विचारलं की दहातल्या आठजणी शिलाई किंवा पार्लर म्हणतात. तेवढीच दोन नावं त्यांनी ऐकलेली असतात. त्यामुळे पहिले काही आठवडे प्रशिक्षण हा शब्दच बाजूला ठेवा. दुपारी, भांडी झाल्यावर, पायरीवर बसून दिवसाची चौकशी करा. पाणी किती वाजता येतं? शेतात किंवा धुण्याभांड्याच्या कामाला कधी जाता? पोरं शाळेतून कधी येतात? कुठल्या महिन्यात अजिबात वेळ नसतो? सोयाबीन काढणीत, कापूस वेचणीत बाई मजुरी सोडून वर्गाला येणार नाही, आणि येऊही नये. बीडकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर काम असेल तर दसऱ्यानंतर गाव रिकामं होतं आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचं गाळप संपल्यावरच, माणसं परततात. तिथे जानेवारीत वर्ग लावण्यात काही अर्थ नाही.

याच गप्पांमधून आणखी एक गोष्ट कळते. बऱ्याच जणी काही ना काही आधीपासून करत असतात. कुणी लग्नसराईत पोळ्या लाटायला जाते, कुणी उन्हाळ्यात कुरडया-शेवया करून देते, कुणाच्या दोन शेळ्या असतात. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायका वर्षानुवर्षं गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या. स्वयंपाक त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, त्यांना सावकाराच्या व्याजातून सुटायचं होतं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना एकत्र आणून, बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. म्हणून नवं कौशल्य शिकवण्याआधी हातात असलेलं कौशल्य पैशात का उतरत नाही, हे शोधा. कधी भांडवल अडलेलं असतं, कधी गिऱ्हाईक, आणि पुष्कळदा फक्त भाव चुकलेला असतो.

दुसरी पायरी: बाजाराची चौकशी बायकांनीच करायची

ही चौकशी कार्यकर्तीनं करून कागद आणून दिला तर तो कागद तिथेच राहतो. दोन-दोनजणींच्या जोड्या करा आणि त्यांना आठवडी बाजारात, किराणा दुकानात, शाळेजवळच्या खाऊच्या गाडीवर, मंगल कार्यालयात पाठवा. प्रत्येक जोडीनं चारच प्रश्न विचारायचे: हा माल सध्या कुठून येतो, काय भावानं येतो, आठवड्याला किती खपतो, आणि पैसे रोख देता की महिन्यानं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं, कारण खेळतं भांडवल किती लागेल हे त्यावरच ठरतं.

परत आल्यावर सगळ्यांसमोर बोलायला लावा. या एका दुपारी अनेक कल्पना आपोआप गळून पडतात, आणि ते बरंच आहे. मेणबत्त्या आणि अगरबत्तीचं बहुतेक ठिकाणी असंच होतं, कारण यंत्रावरचा माल इतका स्वस्त येतो की हातानं केलेल्याला मजुरी सुटत नाही. शिलाईचंही नीट बघा. गावात ब्लाउज शिवणाऱ्या सहाजणी असतील तर सातवीला काय मिळणार? पण पिको-फॉल करणारी कुणी नसेल, जुने कपडे अल्टर करून देणारी नसेल, तर तिथे जागा आहे.

एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर, विशेषतः सरकारी कामावर, सगळा भार टाकू नका. २०२४ साली राज्यात शाळांच्या गणवेशाची शिलाई बचत गटांकडे देण्याचं धोरण आलं आणि लवकरच ते बदललंही. अशी कामं जरूर घ्या, पण त्यांच्या भरवशावर कर्जानं मशीनं घेऊ नका.

तिसरी पायरी: शिकायचं कुठे

पैसे भरून शिकवणाऱ्या क्लासकडे जाण्याआधी फुकट सोयी तपासा. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, बोलीभाषेत आरसेटी. ती जिल्ह्यातली बँक चालवते. कर्नाटकातल्या उजिरे इथे १९८२ साली सुरू झालेल्या प्रयोगावरून ही पद्धत देशभर गेली. तिथे राहणं, जेवण आणि शिकवणं मोफत असतं, आणि प्रशिक्षणानंतर पाठपुरावाही करतात. खाद्यपदार्थ, शेळीपालन, परसातल्या कोंबड्या असे विषय असतील तर कृषी विज्ञान केंद्राला विचारा. ग्रामीण भागात उमेद या सरकारी उपजीविका अभियानाचा तालुका कक्ष आणि माविमचं, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचं, लोकसंचालित साधन केंद्र (गटांनी मिळून चालवलेलं केंद्र) ही दोन दारं ठोठावा. माविम १९७५ पासून याच कामात आहे. दर्जीकाम, टोपल्या-झाडू, हार बनवणं असं पारंपरिक काम करणारी बाई असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसांचा ५०० रुपये रोज भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. मात्र कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. तो नवऱ्याच्या नावे घ्यायचा की बायकोच्या, हे घरात आधी बोलून घ्यायला सांगा.

निवासी वर्गाला सगळ्या जणी जाऊ शकत नाहीत. लहान मूल, आजारी सासू, दारू पिणारा नवरा, कारणं खरी असतात. त्यांच्यासाठी वर्ग वस्तीत आणावा लागतो. साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या माणदेशी या संस्थेनं धंद्याचं शिक्षण बसमध्ये भरून गावोगाव नेलं. आपल्याला बस नको, समाजमंदिर पुरतं. दुपारी बारा ते तीन, अंगणवाडीच्या जवळ, आणि लेकराला घेऊन आलं तरी चालेल असं स्पष्ट सांगून. पहिल्या दिवशी सासवांना आणि नवऱ्यांनाही बोलवा, चहा द्या, काय शिकवणार ते दाखवा. सासूला वाटलं पाहिजे की सून कुठे जाते हे मला माहीत आहे. तिचा विरोध मावळला की हजेरी टिकते.

चौथी पायरी: किंमत काढणं

या पायरीला कौशल्याच्या वर्गाइतकाच वेळ द्या. शक्य असेल तर जास्त द्या. लिहिता-वाचता येत नाही म्हणून हिशेब येणार नाही असं समजू नका. माणदेशी बँकेचा परवान्याचा पहिला अर्ज सभासद बायका अंगठाबहाद्दर आहेत म्हणून नाकारला गेला होता. तेव्हा त्या साक्षर होण्याच्या जिद्दीनं शिकल्या, आणि रिझर्व्ह बँकेत जाऊन म्हणाल्या की व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ साली बँक उभी राहिली. बाजारात भाव करणाऱ्या बाईला गणित येतंच, फक्त स्वतःचे तास गणितात धरायची तिला सवय नसते.

एक उदाहरण फळ्यावर मांडा. शेंगदाण्याच्या चटणीचा एक घाणा, तयार माल दहा किलो. भाव आपल्या गावचे टाका, इथले आकडे समजुतीपुरते आहेत.

शेंगदाणे १,४०० रुपये, लसूण १६०, मिरची पूड ३००, मीठ-जिरं ६०. झाले १,९२०. गॅस आणि मिक्सरची वीज १३०. दोनशे ग्रॅमच्या ५० पिशव्या लेबलसह २००. जाण्यायेण्याचं भाडं १००. फुटलेली, परत आलेली पाकिटं आणि मिक्सरची झीज यांसाठी १५०. बेरीज २,५००. बहुतेक गट इथे थांबतात. पन्नास पाकिटं, म्हणजे पाकिटामागे ५० रुपये खर्च, आणि ६० ला विकलं की दहा रुपये सुटले!

आता विचारा, यात किती जणी किती वेळ राबल्या? तिघीजणी, पाच-पाच तास. पंधरा तास. साठ रुपयांनी सगळी पाकिटं हातोहात विकली गेली तर ३,००० आले, उरले ५००. तासाला ३३ रुपये पडले. तेच पाकीट ६० रुपये छापील किमतीनं दुकानात ठेवलं आणि दुकानदारानं वीस टक्के घेतले, तर गटाला पाकिटामागे ४८ मिळतात, एकूण २,४००. म्हणजे पंधरा तासांची मेहनत फुकट, वर शंभर रुपये पदरचे गेले. हे फळ्यावर उमटलं की वर्गात शांतता पसरते. ही शांतता मोडायची घाई करू नका, बायकांना स्वतः आकडे पुन्हा करून बघू द्या.

मग तासाची मजुरी धरा. गावात शेतमजुरीला बाईला जे मिळतं त्याला तासांनी भागा, त्याहून कमी धरू नका. समजा ५० रुपये. पंधरा तासांचे ७५०. खरा खर्च ३,२५०, पाकिटामागे ६५. दुकानातून विकायचं तर छापील किंमत ९० ठेवावी लागेल. दुकानदाराचे १८ गेले, हातात ७२ आले, ५० पाकिटांचे ३,६००. मजुरी देऊन ३५० नफा. आता बाजाराच्या चौकशीचा कागद काढा. आपल्या तालुक्यात ९० रुपयांना हे पाकीट खपेल? खपणार असेल तर पुढे जा. नसेल तर चार वाटा आहेत: शेंगदाणे थेट शेतकऱ्याकडून घाऊक घ्या, घाणा मोठा करा म्हणजे तास वाचतील, दुकान वगळून थेट विका, किंवा हा माल सोडून द्या. मजुरी कमी करणं ही पाचवी वाट फळ्यावर लिहूच नका.

मजुरी आणि नफा वेगळे ठेवण्याचा आणखी एक फायदा होतो. गटातली भांडणं बहुतेक "मी जास्त राबले, वाटा सारखाच" यावरून होतात. जिनं जितके तास किंवा जितके किलो केलं तिला तितकी मजुरी त्या त्या वेळी, आणि नफ्याचा विचार तीन महिन्यांनी सगळ्यांनी बसून. लिज्जत पापडचं काम असंच चालतं. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. आजही केंद्रावर मळलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणायचे आणि वजनावर मजुरी घ्यायची, ही रीत आहे. माल एकत्र घ्यायचा, एकत्र विकायचा, पण काम घरी, आपल्या वेळेनं. माझ्या मते नव्या गटासाठी याहून चांगली घडी नाही. दहाजणींनी एका खोलीत रोज आठ तास बसायचं ठरवलं तर ते फार टिकत नाही.

पाचवी पायरी: खातं आणि मोबाइल

याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि घोळ सर्वांत जास्त इथेच होतो. बाईच्या नावावर बँक खातं असतं, पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. पैसे आल्याचा निरोप त्याला जातो, ओटीपी त्याला येतो. काहीजणींच्या दुकानात लावलेला क्यूआर कोडही नवऱ्याच्या खात्याचा असतो. दिवसभर विक्री ती करते आणि पैसे तिला दिसतही नाहीत.

म्हणून माल तयार होण्याआधी प्रत्येकीबरोबर बँकेत जा. तिचा स्वतःचा नंबर खात्याला जोडा, साधा बटणांचा फोन असला तरी चालतो. पासबुक भरून घ्यायला, शिल्लक विचारायला शिकवा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे घोकून घ्या, आणि कुणालाही म्हणजे आपल्यालाही नाही. कार्यकर्तीनं बायकांची पासबुकं, एटीएम कार्डं स्वतःकडे ठेवणं, मग हेतू कितीही चांगला असो, पूर्ण बंद करा. घरात यावरून तणाव होऊ शकतो. तेव्हा एकट्या बाईला पुढे करू नका, गटातल्या सगळ्यांचे नंबर एकाच आठवड्यात बदला. "गटाचा नियम आहे" हे वाक्य तिला घरात आधार देतं.

घरखर्चाची वही आणि धंद्याची वही वेगळी. धंद्याच्या डब्यातून तेल-साखरेला पैसे काढले तर तेही लिहायचे. काढू नका असं सांगून उपयोग नसतो, गरज पडते तेव्हा ते काढले जातातच.

कागदपत्रं

खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न परवान्याची प्राथमिक नोंदणी लागते. लहान उलाढाल असणाऱ्यांसाठी तिची फी अगदी कमी असते. अर्ज ऑनलाइन भरताना ताजी मर्यादा आणि फी बघून घ्या. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, पत्ता, संपर्क, नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण असावी. उद्यम नोंदणी आधारवर होते आणि ती मोफत आहे. तिचे हजार-दोन हजार मागणारे एजंट भेटतील, त्यांना नकार द्या.

सहावी पायरी: भांडवल

आधी गटाची स्वतःची बचत आणि अंतर्गत कर्ज, मग फिरता निधी (अभियानाकडून गटाला मिळणारी रक्कम), मग बँक. हा क्रम मोडू नका. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे ही पंचसूत्री सहा महिने नीट पाळलेली असेल तर गटाला बँकेकडून विनातारण कर्ज मिळण्याचा रस्ता खुला होतो. एकटीचा धंदा असेल तर मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचा शिशु गट आहे. मोठं काम असेल, डाळ मिल किंवा मसाला कांडप यंत्र, तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. ग्रामीण भागातल्या महिलांसाठी त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. हे अनुदान रोख हातात पडत नाही, कर्जखात्याशी जोडलेलं राहतं. केवळ त्याच्यासाठी गरजेपेक्षा मोठं कर्ज उचलू देऊ नका.

कर्जाचा अर्ज भरण्याआधी आधीची कर्जं विचारा, आणि एकटीला विचारा, सगळ्यांसमोर नाही. वस्त्यांमध्ये एकेका बाईवर तीन-चार मायक्रोफायनान्स कंपन्यांचे आठवडी हप्ते असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार अशा कुटुंबाच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. ती आधीच तिथवर पोचली असेल तर नवं कर्ज तिला धंद्यात उभं करणार नाही, हप्ते फेडण्यातच जाईल. अशा बाईला कर्जाशिवाय, मजुरीवर काम करणारी म्हणून गटात घ्या. तिची कमाई पहिल्या आठवड्यापासून सुरू होते, जोखीम तिच्या डोक्यावर येत नाही.

पहिली विक्री आणि उधारी

पहिला घाणा लहान ठेवा आणि ओळखीबाहेरच्या लोकांना विका. मावशी-काकू कौतुकानं घेतात, त्यावरून बाजार कळत नाही. पाकीट पुन्हा विकत घ्यायला आलेला माणूसच खरं सांगतो. चव, मीठ, पिशवीची शिवण, जे सांगेल ते वहीत लिहा. जत्रा आणि प्रदर्शनांना जरूर जा. मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्यातली भीमथडी जत्रा इथे विक्रीही होते आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या बायकांची पाकिटं, भाव, लेबलं बघायला मिळतात. फक्त प्रदर्शनातली विक्री म्हणजे रोजची विक्री समजू नका.

उधारीचा नियम पहिल्याच बैठकीत ठरवा. वस्तीत नाही म्हणणं अवघड असतं, शेजारीण असते, जाऊ असते. एका गिऱ्हाइकाला किती रकमेपर्यंत आणि किती दिवस, हे गटानं ठरवून भिंतीवर लावावं. दुकानदाराला माल देताना मागचे पैसे घेतल्याशिवाय पुढचा माल द्यायचा नाही. हे बोलायचा सराव वर्गातच करून घ्या. एकीला दुकानदार करा, दुसरीला माल घेऊन पाठवा, आणि दुकानदारानं "पुढच्या वेळी देतो ताई" म्हटल्यावर काय बोलायचं ते तोंडात बसू द्या.

प्रशिक्षण संपल्यावर

किमान सहा महिने तुमचं येणं चालू राहिलं पाहिजे. पहिले दोन महिने दर आठवड्याला, नंतर पंधरवड्यानं. गेल्यावर "कसं चाललंय?" विचारू नका, उत्तर "बरं चाललंय" असंच येतं. वही मागा. या महिन्यात किती घाणे, किती तास, किती मजुरी, किती उधारी बाकी. वहीत चार आठवडे काही लिहिलेलं नसेल तर आधी तिच्या घरी काही झालंय का ते बघा. आजारपण असतं, मुलीचं लग्न असतं, कधी मारहाण असते. मारहाण असेल तर धंद्याची गोष्ट बाजूला ठेवून महिला हेल्पलाइन १८१ वर तिच्यासोबत बसून फोन करा.

वर्षभरात गटातली एखादी हुशार बाई स्वतःचं वेगळं दुकान काढते म्हणेल. बाकीच्यांना राग येतो, तुम्हालाही गट फुटतोय असं वाटेल. तिला अडवू नका. गटाकडून ठरलेल्या घाऊक भावानं तिनं माल घ्यावा, की तिनं पूर्ण वेगळं काहीतरी विकावं, हे सगळ्यांसमोर ठरवा, कागदावर लिहा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि एक प्रत ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाकडे, ठेवा. तिच्या वाट्याची बचत आणि बाकी कर्ज यांचा हिशेब त्याच बैठकीत मिटवा.